आजीची बोट आणि माझे बूट

गेल्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली, म्हणून आम्ही भावंडांनी त्यांना क्रूझवर पाठवायचं ठरवलं. बॅलार्ड पिअरवरून निघायचं, समुद्रात दोन रात्री काढायच्या आणि परत यायचं. तिकिटं काढताना बाबा सहज म्हणाले, "आजीला पण घेऊ की. तिची कोकण बोट बंद झाल्यापासून ती बोटीत बसलेली नाही." झालं! तिकिटं चाराची झाली, कारण ऐंशी वर्षांच्या आजीबरोबर कुणीतरी सांभाळायला हवं आणि घरात बिनलग्नाचा, लॅपटॉप कुठेही उघडून बसू शकणारा प्राणी एकच आहे.

कंपनीकडून सूचनांची लांबलचक मेल आली. त्यात एक ओळ अशी होती, की उघड्या डेकवर आणि पोहण्याच्या तलावाजवळ जमीन ओली असते, तेव्हा न घसरणारी पादत्राणं आणा. मी ती आजीला वाचून दाखवली आणि म्हटलं, "आजी, तुला नवीन बूट घ्यावे लागणार."

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चपलां पिशयेत. बोटीर कोण चपलां घालून चढता?"

मालवणी न येणाऱ्यांसाठी सांगतो. चपला पिशवीत ठेवायच्या, बोटीवर चपला घालून कोण चढतं, असा त्याचा अर्थ. मी हसलो. पण नंतर दोन शनिवार-रविवार या एका वाक्यापायी गेले. आजी चुकत होती की मेल, हे ठरवायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, ते मी आमच्याच मजल्यावर दोनदा पाहिलंय.

आधी आजीची बोट समजून घेऊ. लालबाग-परळच्या गिरण्यांत आणि गिरगावच्या खानावळींत जी कोकणी माणसं भरली होती, त्यांचा गावाशी धागा म्हणजे ही आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायची आणि बंदरं घेत घेत दक्षिणेला जायची. (ज्या भाऊंचा हा धक्का ते म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, पाठारे प्रभू गृहस्थ. १८४० च्या दशकात त्यांनी तो बांधवला. माडगांवकरांच्या १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये त्यांची दखल आहे. आजचा धक्का मूळ जागेवर नाही, पण नाव त्यांचंच चिकटून राहिलंय.) पावसाळ्यात कोकणची लांब पल्ल्याची बोट बंद. म्हणजे शिमगा, मे महिना, दिवाळी या दिवसांत सगळा लोंढा बोटीवर. आजी १९६५ साली लग्न होऊन मुंबईत आली ती बोटीनंच. १९८० च्या दशकाअखेर ही बोट कायमची थांबली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तिची आठवण काढायचं कारणही उरलं नाही.

मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. किनाऱ्याजवळ खडक, त्यामुळे आगबोट लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिथपर्यंत जायची. आधी गुडघाभर पाण्यातून पडावात, मग पडावातून बोटीच्या शिडीवर. दोन्ही वस्तू हलतायत, पडाव वर येतो तेव्हा बोट खाली जाते. त्या नेमक्या क्षणी खलाशी तुमचं मनगट नाही, कोपराखालचा हात धरायचा आणि ओढून घ्यायचा. आजी म्हणते तो हात धरायच्या आधी विचारायचा नाही. आता सांगा, या प्रकारात चपलेचं काय काम? गुडघाभर पाण्यात ती पायातून निघून जाणार. शिडीवर ती वाकडी होणार. त्यात काखेत पोर, डोक्यावर ट्रंक. चपला पिशवीतच बऱ्या.

बरं, त्या काळी चपला होत्या तरी कसल्या? एक कोल्हापुरी किंवा तिची गावठी भावंडं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवलेली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल मिरवली तेव्हा आपण सगळे फेसबुकवर भांडलो. जमिनीवर ती उत्तमच आहे. पण तिचा तळ कडक आणि गुळगुळीत, पाणी लागलं की कातडं फुगतं आणि बुळबुळीत होतं. दुसरी म्हणजे रबरी स्लिपर. रबर म्हणून ती बरी असायला हवी, पण मागे पट्टा नाही, टाच मोकळी. शिवाय आपल्याकडे स्लिपर टाकून द्यायची वेळ आली हे कळतं कधी, तर अंगठ्याखाली भोक पडल्यावर. तळाच्या रेघा त्याच्या कितीतरी आधी पुसलेल्या असतात.

इथे थोडं इंजिनियरिंग करतो, डिग्री कुठेतरी वापरायला नको का? ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

घर्षण गुणांक आठवतोय ना? फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी तो पाठ केला आणि विसरलो. सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीनं चालायला साधारण ०.२ इतकं घर्षण लागतं. सरळ गणितात ०.२ म्हणजे ११.३ अंशांचा उतार. आता समजा डेक १० अंशांनी कलला आणि तुम्ही त्याच दिशेनं चालताय. दोन कोनांची बेरीज २१.३ अंश, आणि त्याचा टॅन्जंट ०.३९. म्हणजे लागणारं घर्षण जवळपास दुप्पट झालं, आणि नेमकं तेव्हाच लोखंडी, रंग दिलेल्या डेकवर पाणी पसरून मिळणारं घर्षण कमी झालेलं असतं. टाच टेकताना तळ आणि जमीन यांच्यात पाण्याचा पातळ थर अडकतो. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली तर रबर जमिनीला भिडतं, नाही मिळाली तर तुम्ही पाण्यावर तरंगता. पावसात गाडीचं टायर घसरतं ती हीच गोष्ट. ब्रिटनमध्ये जमीन किती निसरडी हे बघायला एक लंबक वापरतात, टोकाला रबराचा तुकडा असतो आणि तो ओल्या जमिनीला घासत जातो. ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर धोका कमी समजतात. ३६ म्हणजे ढोबळमानानं ०.३६. आपल्या ०.३९ शी ताडून बघा. म्हणजे 'सुरक्षित' ठरलेली जमीनसुद्धा बोटीनं मान हलवली की काठावर येते.

मग खलाशी काय घालायचे? काही नाही! शिडाच्या आणि वाफेच्या जहाजांवरचे भारतीय खलाशी, ज्यांना इंग्रज लस्कर म्हणत आणि ज्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं भरपूर असत, ते डेकवर बहुतेक अनवाणीच दिसतात. जुने फोटो बघा. त्यांच्या बोलीत डेकला 'तुतक' म्हणत. तळपायाची कातडी मऊ असते, लाकडाच्या बारीक उंचसखल भागात बसते, आणि पायाची बोटं पकड घेतात. पण हे जमतं त्याचं अर्धं श्रेय लाकडाला. जहाजांचे डेक सागवानाचे असत, आणि सागवान ओलं झालं तरी फार निसरडं होत नाही. वर रोज सकाळी वाळू टाकून दगडानं घासून काढत, त्यामुळे लाकूड खरबरीत राही. सागवान कुठलं, तर मलबारचं, आणि जहाजं कुठं बांधली जायची, तर आपल्या फोर्टातल्या गोदीत. वाडियांनी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेलं 'ट्रिंकोमाली' अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. तेव्हा अनवाणी पाय हे सागवानी डेकचं उत्तर होतं. डेक लोखंडाचा झाला आणि आपण उत्तर तेच ठेवलं.

बोटीसाठीचा बूट जन्मला त्याची गोष्ट मजेदार आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये पॉल स्पेरी नावाचा एक शिडाच्या होडीचा शौकीन होता. होडीच्या ओल्या डेकवरून घसरून हा पाण्यात पडलेला. मग १९३५ च्या सुमारास त्यानं आपल्या प्रिन्स नावाच्या कुत्र्याला बर्फावरून न घसरता पळताना पाहिलं. त्याचे पंजे उलटे करून बघितले तर त्यांवर बारीक भेगा. यानं चाकू घेतला आणि रबराच्या तळाला तशाच नागमोडी चिरा मारल्या. चिरांतून पाणी निघून जातं, आणि पाऊल वाकलं की चिरांच्या कडा उघडून जमीन धरतात. १९३९ मध्ये अमेरिकन नौदलानं हे बूट घेतले. गंमत म्हणजे रबराला चिरा मारायचं पेटंट त्याच्याआधी, १९२० च्या दशकातच जॉन साइप नावाच्या माणसाला मिळालं होतं. तो कत्तलखान्यात कामाला होता आणि तिथली ओली फरशी त्याला जगू देत नव्हती, असं सांगतात. एकाला कुत्रा शिकवतो, दुसऱ्याला नोकरी.

पण मला सगळ्यात आवडला तो आपला शाळेतला पांढरा कॅनव्हासचा बूट. पी.टी.च्या तासाला खडू घासून पांढरा करायचो तो. इंग्लंडात त्याला 'प्लिमसोल' म्हणतात. सॅम्युअल प्लिमसोल हा ब्रिटिश खासदार. मालक लोक जहाजं वाटेल तितकी भरायचे, बुडाली तर विम्याचे पैसे, खलाशी मेले तर मेले. याच्या विरोधात हा माणूस पार्लमेंटात अक्षरशः ओरडला. शेवटी १८७६ च्या कायद्यानं प्रत्येक जहाजाच्या अंगावर एक रेघ मारणं सक्तीचं झालं. पाणी त्या रेघेच्या वर चढलं तर भार जास्त. कॅनव्हासच्या बुटालाही कापड आणि रबर जोडणारी अशीच आडवी पट्टी असते, आणि पाणी तिच्यावर गेलं की पाय ओला. म्हणून बुटाला त्या माणसाचं नाव. आपण वर्षानुवर्षं पायात घालत होतो ते मुळात जहाज बुडू नये म्हणून झालेल्या भांडणाचं नाव होतं!

हे मी आजीला रात्री जेवताना सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुका रामदास म्हायत आसा?"

माहीत होती, म्हणजे नावापुरती. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना राहिलेला, गटारीचा सुमार. सकाळी रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. हा खाडीपलीकडचा छोटा प्रवास, म्हणून पावसाळ्यातही चालू. १९३६ ची बांधणी. स्वदेशीच्या काळात निघालेल्या आणि लोकांनी प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हटलेल्या कंपनीची ती बोट, म्हणून संतांचं नाव. नंतर ती बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनकडे गेली. (याच घरातल्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ ला एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या.) आत गिरगाव-परळची माणसं, अलिबागकडचे शेतकरी, कोळी. काश्याच्या खडकाजवळ ती उलटली आणि ६०० हून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. पोहून आलेल्या माणसांनी सांगेपर्यंत, म्हणजे दुपार उलटेपर्यंत, मुंबईला पत्ताच नव्हता. मुंबईला मासे घेऊन निघालेल्या रेवस-बोडणीकडच्या कोळ्यांनी आपले मासे समुद्रात ओतले आणि होड्यांत माणसं भरली. बारकू मुकादम नावाचा मुलगा तरंगत, पोहत गेटवेपर्यंत आला, तो पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत राहिला.

हे सगळं मला कळलं होतं. आजीनं वेगळंच सांगितलं. आजी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची, त्यामुळे हे तिनं पाहिलेलं नाही, लग्नानंतर सासऱ्यांकडून ऐकलेलं. सासरे लालबागच्या चाळीत राहायचे, आणि त्यांच्या मजल्यावरची दोन माणसं रामदासवर होती. पावसाची सड आली म्हणून माणसं एका अंगाला सरकली, तेवढ्यात मोठी लाट आली आणि बोट त्याच अंगावर गेली, अशी चाळीत सांगितलेली गोष्ट. वाचलेल्यांच्या म्हणून ज्या हकिकती छापून आल्यात त्यांतही हेच आहे. त्यावरून सासऱ्यांनी घरात एक नियम केला आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तो पाळला. बोटीवर चढलं की चादर पसरायची, तिच्यावर बसायचं, आणि उतरेपर्यंत उठायचं नाही. लघवीला जायचं तर धरून धरून. पोरांना दोरीनं ट्रंकेला बांधायचे (हे आजी हसत सांगते, पण माझे एक काका हसत नाहीत).

मला तेव्हा लख्ख कळलं की मी दोन आठवडे चुकीच्या प्रश्नावर घालवले. कोकण बोटीच्या डेकवर पाणी होतं, माशांच्या टोपल्या होत्या, बोट लागलेल्या माणसांच्या उलट्या होत्या. निसरडं म्हणायला काही शिल्लक नव्हतं. तरी माणसं पादत्राणांचा विचार करत नव्हती, कारण ती चालतच नव्हती. डेक म्हणजे बसायची जागा होती. एका चादरीएवढी जागा धरण्यासाठी पहाटेपासून रांग लावायची, ती सोडून फिरायला कोण जाणार? क्रूझवर उलटं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली तेव्हा तिच्यावर केबिनी होत्या, पोहण्याचा तलाव होता. ती काही वर्षांत थांबली, पण आजची जहाजं याच वळणाची. तलाव, नाच, बुफे, दहाव्या मजल्यावर चहा. फिरत राहण्यासाठीच जहाज बांधलेलं. फिरणं आलं की बूट आले.

आणि बुटाची हद्दही त्याच गणितात दिसते. ओल्या डेकवर चांगलं रबर ०.४ देईल असं धरलं तर २१.८ अंश. कोरड्यावर ०.८ धरलं तर ३८.७. बोट त्यापुढे कलली तर स्पेरी असो, प्लिमसोल असो की खलाशाचा पाय, सगळे सारखेच घसरणार. बूट तुम्हाला चहा आणायला जाताना वाचवतो, बोटीला वाचवत नाही. तिथे भाराची रेघ लागते, बिनतारी यंत्र लागतं, माणसं एका बाजूला धावणार नाहीत अशी जागा लागते. ज्यांच्या खिशात हे ठरवायचं असतं त्यांनी प्रवाशाला 'योग्य पादत्राणं घाला' एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. मेलमधली ओळ बरोबर आहे, फक्त ती पहिली ओळ असू नये.

असो. तरी बूट घ्यायचेच होते. माझी स्वतःची एक आपटी या निर्णयात आहे, ती लपवत नाही. कॉलेजात असताना मांडव्याहून परतताना ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या पायऱ्यांवर उतरलो. खालच्या पायऱ्या एरवी पाण्याखाली असतात, त्यांच्यावर हिरवं शेवाळं. पायात तळ घासलेले भारीतले स्पोर्ट्स शूज. दोन्ही पाय एकदम गेले आणि मी कमरेवर. मागून येणाऱ्या मासेवाल्या मावशी, डोक्यावर पाटी, पायात काही नाही, माझ्या बाजूनं शांतपणे वर गेल्या. तीन आठवडे मी उशी घेऊन ऑफिसच्या इंटर्नशिपला बसत होतो.

रविवारी आजीला घेऊन दादरला गेलो. स्टेशनच्या पश्चिमेला चार दुकानं फिरलो. मी काय बघत होतो ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. मागून टाच बंद हवी. तळ मऊ रबराचा, नखानं दाबला तर दबणारा. टणक चकचकीत प्लास्टिकचा नको, तो ओल्या फरशीवर काचेसारखा वागतो. तळाला बारीक चिरा, त्याही कडेपर्यंत उघड्या, म्हणजे पाणी बाहेर निघेल. मधेच बंद झालेली नक्षी नुसती शोभेची. टाच उंच नको, कारण आणीबाणीत घसरगुंडीवरून तराफ्यात उतरवताना टोकदार टाचांचे जोडे काढायला लावतात. आणि बांधायला वेलक्रो, कारण आजीला वाकता येत नाही. दुकानदारानं विचारलं ट्रेकला जाताय का. मी त्याच्याकडून पाण्याची बाटली मागून फरशीवर थोडं पाणी ओतलं आणि बूट दाबून सरकवून बघितला. पहिल्या दुकानात हाकललं. तिसऱ्या दुकानातल्या काकांना इतकी मजा वाटली की त्यांनी स्वतःच आणखी तीन जोड काढून ओले केले.

शेवटी राखाडी कॅनव्हासचे, रबरी तळाचे घेतले. खाली आडवी पट्टी आहेच. आजीनं ते पायात घालून दुकानात दोन फेऱ्या मारल्या, नाक मुरडलं, आणि मग दहा मिनिटं काढायला तयार नव्हती.

काल रात्री तिची बॅग भरली. बूट वरती, औषधांचा डबा, स्वेटर. तळाशी हात घातला तर एक जुनी, चौकटीची, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर.

"आजी, तिथे पलंग असतो गं. पांढरीशुभ्र चादर घातलेला. ही कशाला?"

तिनं माझ्या हातातून ती घेतली, घडी नीट केली आणि परत बॅगेत घातली.

"बसूक."